जीभ चालते, मन गुजरीत फिरतं. याला जिक्र म्हणायचं का?

पटवेगार | शुक्रवार, रात्री १०.२०

सलाम आणि नमस्कार.

आमचं पिढीजात काम पटव्याचं. कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, सोनार साजाची पानं आणि मणी घडवतो. ते दोऱ्यात गाठवून गळ्यात घालण्याजोगं करायचं काम आमचं. साज, मोहनमाळ, बोरमाळ, पुतळ्यांची माळ. अब्बा पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचे ते असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, अजानपर्यंत.

अधूनमधून कुणीतरी तुटलेली तस्बीह, म्हणजे आमची जपमाळ, रुमालात बांधून आणायचं. त्याचे पैसे अब्बांनी कधी घेतले नाहीत. आधी मणी ताटलीत ओतून मोजायचे. ९९ ची आहे की ३३ ची ते बघायचे. एखादा हरवलेला असेल तर आमच्या डब्यातला लाकडी मणी घालायचे, रंग जुळो न जुळो. प्रत्येक ३३ नंतर वेगळ्या घाटाचा एक मणी, शेवटी ‘इमाम’ म्हणतात तो लांबट मणी, त्याखाली गोंडा. मला शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. साज गाठवताना दोरा ताणून धरायचा, फट दिसली की काम गेलं. तस्बीहला मात्र दोन बोटं दोरा मोकळा सोडायचा. मणी सरकायला जागा हवी.

अब्बांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचीच तस्बीह घेऊन मी फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर, जिक्रला बसतो, अल्लाहची आठवण करायला. सुबहानअल्लाह ३३, अल्हम्दुलिल्लाह ३३, अल्लाहु अकबर ३४. बोटं आपोआप चालतात, आणि तेवढ्यात मन दुकानात जाऊन येतं. कुणाची मोहनमाळ कधी द्यायची, कुणाकडे किती बाकी आहे. शेवटच्या मण्यावर आलो की कळतं, तोंडाने १०० वेळा म्हटलं पण एकदाही ऐकलं नाही.

हे मी एका ओळखीच्या माणसाला बोललो. तो म्हणाला, दिल हाजिर नसेल तर नुसती जीभ हलवून काय उपयोग, त्यापेक्षा करू नका. मला ते पटलं आणि मी बंद केलं. पंधरा दिवस झाले. आता नमाज झाली की हात मोकळे वाटतात आणि काहीतरी चुकल्यासारखं होतं. तुम्ही लोक काय करता? मन लागत नसेल तर जिक्र सोडावा का?

________

घाटवाट | शुक्रवार, रात्री ११.०५

भावा, मी काय शिकलेला न्हाई, गाडी चालवतोय. मार्केट यार्डातनं गूळ भरायचा, गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरायचा, कोकणात माल टाकून परत यायचं. लई वर्षं हेच चाललंय.

आमच्या मौलानांनी एकदा जुम्म्याच्या बयानात सांगितलं की नबींचं साथीदार प्रवासात चढ लागला की अल्लाहु अकबर म्हणायचे आणि उतार लागला की सुबहानअल्लाह. मला ते एवढं आवडलं की तवापासनं माझा घाट तसाच चाललाय. उतरताना गाडी खालच्या गेअरात इंजनावर धरायची, ब्रेक सारखा दाबायचा न्हाई, आन तोंडात सुबहानअल्लाह. येताना चढाला अल्लाहु अकबर. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचा दगडी कठडासुदीक दिसत न्हाई, तवा तर आवाज आपसूक वाढतोय.

आता मला सांगा, माझं मन वळणावर असतंय. असायलाच पायजे, मागं दहा टन गूळ हाय. मग माझा जिक्र फुकट म्हनायचा का? मला न्हाई तसं वाटत.

________

कागलची_लेक | शनिवार, सकाळी ६.५०

पटवेगारभाई, तुम्ही जे ३३-३३-३४ म्हणता त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहिते. माझ्या नानीने मला ती जात्याजवळ बसून सांगितली होती.

बीबी फातिमांच्या हाताला जातं ओढून ओढून घट्टे पडले होते. नबींकडे काही कैदी आले आहेत असं कळलं, म्हणून घरकामाला कुणीतरी मिळावं हे मागायला त्या गेल्या. नबी घरी नव्हते, म्हणून बीबी आयेशांकडे निरोप ठेवून परतल्या. रात्री नबी स्वतः त्यांच्याकडे आले. बीबी फातिमा आणि हजरत अली अंथरुणावर पडले होते, ते उठू लागले तर नबी म्हणाले, राहू द्या. दोघांच्या मध्ये बसले. आणि म्हणाले, तुम्ही मागितलं त्याहून चांगलं सांगू का? झोपताना हे म्हणत जा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस, म्हणजे नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. तस्बीह-ए-फातिमा हे नाव त्यावरूनच पडलं.

नानी हे सांगताना स्वतःचा तळवा पुढे करायची. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांखाली खुंट्याने पडलेले दोन घट्टे होते, पिवळट आणि गुळगुळीत. गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते गेले नव्हते. मी लहानपणी त्यांवरून बोट फिरवत बसायची.

त्यामुळे जिक्र म्हणजे सगळं काम आवरून, शांत खोलीत, मन एकाग्र करून बसायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नाही. तो दिलाच गेला एका थकलेल्या बाईला, झोपेच्या वेळी. त्या वेळी कुणाचं मन ताजं असतं?

अजून एक. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामा म्हणून दखनी गाण्यांचा प्रकारच आहे, बायकांनी दळताना म्हणायचा. त्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. आपल्याकडे घरोघरी जात्यावर ओव्या होत्या, शेजारच्या मुलखात त्याच जात्यावर जिक्र चालायचा. दोन्हीकडे हात कामात आणि तोंडात नाव. नानीला चक्कीनामा येत नव्हता, पण ओव्या यायच्या. त्यांच्या मध्येच ती श्वास घेताना ‘अल्लाऽऽह’ म्हणायची.

________

सीधी_बात | शनिवार, सकाळी ९.१५

चर्चा चांगली आहे, पण दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात असं मनापासून वाटतं. नबी बोटांवर मोजायचे. त्यांनी बायकांनाही बोटांवर मोजायला सांगितलं, कारण कयामतच्या दिवशी ही बोटं बोलतील आणि साक्ष देतील. मण्यांची माळ नंतर आली. दुसरं, गोल करून मोठ्याने एका सुरात जिक्र करण्याच्या बैठका, म्हणजे ‘हलके’, भरतात. नबींचे साथीदार अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी खडे घेऊन गटाने मोजत बसलेल्या लोकांना कडक शब्दांत सुनावलं होतं की त्यापेक्षा आपले गुन्हे मोजा. इबादतीत, म्हणजे उपासनेत, आपल्या मनाची भर घालू नये एवढंच म्हणणं आहे. कुणाच्या अब्बांच्या आठवणीला धक्का लावायचा हेतू नाही.

________

नंदवाळचा_वारकरी | शनिवार, दुपारी १.३०

मी माळकरी. दर आषाढीला दिंडीबरोबर कोल्हापूरजवळच्या नंदवाळला चालत जातो. धागा सकाळपासून दोनदा वाचला.

आमच्या जपमाळेत १०८ मणी तुळशीचे. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथं आलं की माळ उलटी फिरवायची. माळेला तर्जनी लावायची नाही. तस्बीहच्या त्या लांबट मण्याचं तसंच असतं का? आणि पटवेगारदादांचा प्रश्न आमच्याकडेही तसाच्या तसा आहे. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउली मुखाने म्हणायला सांगतात आणि पुण्याची गणना कोण करील असं विचारतात. मुखाने म्हणा, असं आहे तिथे. मन आधी आणा असं नाही. आमचे कीर्तनकार बुवा यावर तासभर बोलू शकतात. तुमच्यात याबद्दल काय सांगितलं आहे ते जाणून घ्यायला आवडेल.

________

मास्तर | शनिवार, रात्री ९.४०

मी उर्दू आणि अरबी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आज दिवसभर सवड होती, म्हणून सविस्तर लिहितो.

‘जिक्र’ या शब्दाचे अरबीत दोन अर्थ एकदम चालतात. आठवणं आणि उच्चारणं. आपण मराठीतसुद्धा ‘त्याचा जिक्र निघाला’ म्हणतो, तो दुसरा अर्थ. म्हणजे शब्दातच मन आणि जीभ दोघांना जागा आहे. कुराणात नमाजसुद्धा जिक्रसाठी सांगितली आहे (सूरह ताहा, आयत १४). जुम्म्याच्या नमाजेलाही जिक्रच म्हटलं आहे. अजान झाली की खरेदीविक्री सोडून जिक्रकडे धावा, आणि पुढच्याच आयतीत, नमाज झाली की पांगा, रोजी शोधा आणि अल्लाहची खूप आठवण ठेवा (सूरह जुमुआ, ९ आणि १०). म्हणजे जिक्र बाजारात परत सोबत न्यायचा आहे. आले इमरानच्या १९१ व्या आयतीत उभे, बसलेले आणि कुशीवर पडलेले असे तिन्ही स्थितींत जिक्र करणारे आले आहेत. घाटवाटभाई, स्टिअरिंगवर बसलेला माणूस यात येतो.

आता मूळ प्रश्न. इब्न अताउल्लाह म्हणून इजिप्तचे, शाजिली या सूफी सिलसिल्याचे (परंपरेचे) मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, होऊन गेले, १३०९ मध्ये वारले. त्यांनी नेमकं याच्यावर लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: जिक्र करताना मन हजर नाही म्हणून जिक्र सोडू नकोस, कारण जिक्र करताना गाफील असण्यापेक्षा जिक्रच नसणं ही जास्त मोठी गफलत आहे. कदाचित अल्लाह तुला गाफील जिक्रातून जाग्या जिक्राकडे नेईल, तिथून हजर मनाच्या जिक्राकडे, आणि त्याच्याही पुढे. सूफी विचारवंत इमाम गजालींनीही अशाच पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली पायरी नुसत्या जिभेची. दुसरीत मनाला ओढून आणावं लागतं. तिसरीत मन तिथं रुळतं, उलट त्याला दुसरीकडे न्यायला कष्ट पडतात. पहिली पायरी कमी दर्जाची जरूर आहे, पण ती जिन्याचीच पायरी आहे. तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांनी तुम्हाला वरच्या पायरीचं वर्णन सांगितलं आणि खालची काढून घेतली.

एका साथीदाराने नबींना विचारलं होतं, इस्लामचे नियम मला फार झाले, एकच घट्ट धरता येईल असं सांगा. उत्तर मिळालं: तुझी जीभ अल्लाहच्या जिक्रने ओली राहू दे. तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे. जीभ, बरं का.

सीधी_बातभाईंचे मुद्दे. बोटांवर मोजणं उत्तम, यात वाद नाही. मीही बोटांवरच मोजतो. पण एका बाईंसमोर खजुराच्या बिया किंवा खडे होते आणि त्या मोजत होत्या, तेव्हा नबींनी बिया फेकून दे म्हटलं नाही, याहून सोपं आणि चांगलं सांगतो म्हणाले. सुयूतींनी, म्हणजे १५०५ मध्ये वारलेल्या त्या प्रसिद्ध आलिमांनी, तस्बीहच्या बाजूने एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आहे. मणी इबादत नाहीत, मोजायचं साधन आहेत. म्हणून वारकरीदादा, इमाम ओलांडला तरी काही बिघडत नाही, आणि कुठलंही बोट चालतं. मेरुमण्यासारखा नियम इथे नाही.

आवाजाबद्दल. एका मोहिमेत साथीदार मोठमोठ्याने तकबीर, म्हणजे अल्लाहु अकबर, म्हणू लागले, तेव्हा नबी म्हणाले, स्वतःवर दया करा, तुम्ही बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही आहात. तो ऐकतो आणि जवळ आहे. नक्शबंदी सिलसिल्याचा भर त्यामुळे मूक जिक्रवर, जिक्र-ए-खफी. चिश्ती आणि कादिरी मंडळींत मोठ्याने, म्हणजे जिक्र-ए-जली, जुन्या काळापासून आहे. दोघांकडे दलील, म्हणजे आधार, आहे. ईदचंच बघा. हनफी रीतीत रमजान ईदला ईदगाहकडे जाताना तकबीर हळू म्हणायची आणि बकरी ईदला मोठ्याने. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानाकडे त्या सकाळी जो गुंजारव चालत असतो तो हा.

वारकरीदादांना अजून एक सांगायचं राहिलं. नामजपाशी साम्य आहे, पण फरकही आहे. जिक्रचे बहुतेक बोल नुसतं नाव नसून पूर्ण वाक्यं आहेत. सुबहानअल्लाह म्हणजे अल्लाह सगळ्या उणिवांपासून पाक आहे. अल्हम्दुलिल्लाह, सगळी स्तुती त्याची. ला इलाह इल्लल्लाह, त्याच्याशिवाय कुणी पूज्य नाही. सूफी नुसतं ‘अल्लाह, अल्लाह’ही म्हणतात, काही आलिमांना ते मान्य नाही, वाक्य पुरं असावं असं त्यांचं मत. मला यात भांडण करावंसं वाटत नाही. पण ज्याला मन लागत नाही त्याने वाक्याचा अर्थ आपल्या भाषेत माहीत करून घ्यावा. कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून शाहू महाराजांनी मदत केली होती, तेव्हापासून हा मुद्दा कोल्हापूरला नवा नाही.

________

सीधी_बात | शनिवार, रात्री १०.१५

मास्तर, सुयूतींचं माहीत नव्हतं. हलक्यांबद्दल माझं मत कायम आहे, पण पटवेगारभाईंनी जिक्र सोडू नये याबद्दल माझंही दुमत नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

________

रात्रपाळी | रविवार, पहाटे ३.४०

नर्स आहे, ड्युटीवरून लिहिते आहे. वॉर्ड शांत आहे.

आधी बायकांच्या बाजूने एक गोष्ट, कारण पुरुषांच्या लक्षात येत नाही. महिन्याच्या त्या दिवसांत आम्हाला नमाज नाही, रोजा नाही. जिक्रला मात्र मनाई नाही. नमाजेची वेळ झाली की अम्मा त्या दिवसांतही वजू करून (हातपाय-तोंड धुऊन) तेवढा वेळ जानमाजवर, नमाजेच्या चटईवर, बसून तस्बीह ओढायची. म्हणायची, सवय तुटली नाही पाहिजे. मला लहानपणी कळायचं नाही की सजदा न करता ही का बसते.

माझ्याकडे बोटात घालायचा तो छोटा काउंटर आहे, बटण दाबलं की आकडा वाढतो. हातमोजे घालावे लागतात म्हणून वॉर्डात तोही निघतो. मग सलाईनचे थेंब. चेंबरमध्ये थेंब पडतात त्यांचा वेग तपासावा लागतो, घड्याळ बघत मिनिटभर मोजायचे. ते मोजताना आकडा मनात आणि मिनिट संपलं की जिभेवर सुबहानअल्लाह, पुढच्या खाटेपर्यंत. आता हा हिशेब कुठल्या तस्बीहत बसतो मला माहीत नाही. १०० झाले का हे रात्री कधीच कळत नाही.

मास्तर, मोजणी न होण्याबद्दल काही आहे का?

________

मास्तर | रविवार, सकाळी ७.३०

आहे, बेटा. सहीह मुस्लिममध्ये आहे. नबींच्या पत्नी बीबी जुवैरिया फजरला मुसल्ल्यावर, नमाजेच्या जागी, बसल्या होत्या. नबी बाहेर गेले, ऊन वर आल्यावर परतले, तर त्या तिथेच बसून जिक्र करत होत्या. नबी म्हणाले, तुझ्याकडून गेल्यावर मी चार बोल तीन वेळा म्हटले. तू सकाळपासून म्हटलेलं एका पारड्यात टाकलं तर हे चार भारी होतील. ते असे: अल्लाहची पवित्रता आणि स्तुती, त्याच्या निर्मितीच्या संख्येइतकी, त्याच्या प्रसन्नतेइतकी, त्याच्या अर्शच्या (सिंहासनाच्या) वजनाइतकी, आणि त्याचे शब्द लिहायला लागेल तेवढ्या शाईइतकी.

या चारही मापांत माणसाला मोजता येईल असं एकही नाही. तुमच्या थेंबांचा हिशेब तुम्ही त्याच्याकडे सोडा.

________

रात्रपाळी | रविवार, सकाळी ७.५५

ड्युटी संपली. बसमध्ये वाचलं. शुक्रिया, सर.

________

नंदवाळचा_वारकरी | रविवार, सकाळी ११.००

शाईचं माप वाचून बराच वेळ नुसता बसलो. मास्तर, मनापासून रामराम.

________

पटवेगार | रविवार, रात्री ९.१०

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. उत्तर द्यायला दिवस लागला, कारण आधी बसून बघायचं होतं.

आज फजरनंतर पुन्हा अब्बांची तस्बीह घेतली. ३३ सुबहानअल्लाहमध्ये मन दुकानात गेलंच. नेहमीसारखं. पण दुसऱ्या ३३ मध्ये एका मण्यावर अंगठा अडखळला. बाकीचे मणी चंदनाचे, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. हा एक मणी साधा लाकडी, जरा खरबरीत, कडेला चीर असलेला. आमच्या डब्यातला. कधीतरी अब्बांचा एक मणी हरवला असणार आणि त्यांनी लोकांच्या तस्बीहला लावायचे तसा स्वतःच्या तस्बीहलाही तो लावला असणार. वर्षभर मी ही तस्बीह ओढतो आहे आणि अंगठ्याला तो कधी जाणवला नव्हता.

त्या मण्यावर आलो आणि मन परत आलं. तोंडात अल्हम्दुलिल्लाह होतं, ते ऐकू आलं. चार-पाच मणी टिकलं, मग पुन्हा गेलं. तिसऱ्या ३४ ला मी मुद्दाम कशाची वाट बघितली नाही. जेवढं आलं तेवढं आलं.

कागलच्या ताई, नानीच्या घट्ट्यांचं वाचून मी अब्बांचा अंगठा आठवत राहिलो. त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर दोऱ्याने पडलेली एक खाच होती. अगदी शेवटच्या आजारपणात पाय सुजले तरी ती दिसायची. साज गाठवताना त्यांचे ओठ हलायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं मणी मोजतात. आम्हालाही तेच वाटायचं.

मास्तर, पायऱ्यांचं बोलणं मी कागदावर उतरवून दुकानात गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. मी पहिल्या पायरीवर आहे हे समजलं, आणि ती सोडायची नाही हेही.

घाटवाटभाई, तुमच्या गाडीत तस्बीह टांगलेली असेल. घाटात सारखी हेलकावे खाते, दोरा नक्की झिजला असणार. कोल्हापुरात आलात की गुजरीत या, गाठवून देतो.

________

घाटवाट | रविवार, रात्री ९.३५

हाय, आरशाला हाय. दोन मणी कधीच पडल्यात, सीटखाली गेल्यात, घावंना झाल्यात. सोमवारी माल भरायच्या आधी येतो. किती पैसं ते आधी सांगा.

________

पटवेगार | रविवार, रात्री ९.४०

तस्बीहचे पैसे नसतात. सोमवारी असरपर्यंत दुकानात आहे. दोन मणी डब्यातले घालतो, रंग जुळणार नाही.